गरम बाजूचा थेंब

सिंकखालच्या कपाटातून नेव्हिलचे फक्त पाय बाहेर आले होते. उजवा घोटा डाव्यावर टाकलेला, मोज्याची टाच विरत आलेली. लॉर्ना भरलेली किटली हातात धरून त्या पायांकडे बघत उभी राहिली.

"फिरत नाही," कपाटातून आवाज आला. "मेन कॉक पार गंजून बसलाय."

"जोर लाव की थोडा."

"जोर लावला आणि त्याची मान तुटली, तर पाणी थांबवायचं कशानं? आपण दोघं पोहत बाहेर जाऊ."

त्या अरुंद लाकडी पोकळीत त्याचा आवाज जाड होऊन घुमत होता. सर्दी झाली की गॉर्डनचा आवाज असाच यायचा. लॉर्नाने किटली शेगडीवर ठेवली आणि उगीचच तिचं झाकण पुन्हा नीट बसवलं.

नेव्हिल म्हणजे तिच्या नवऱ्याचा, गॉर्डनचा, धाकटा भाऊ. या घरात तो कित्येक वर्षांनी येत होता. नोव्हेंबरात गॉर्डन गेला, तेव्हा चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसला होता आणि निघताना दारात तिला म्हणाला होता, काही लागलं तर सांग. त्या दिवशी सगळेच तसं म्हणत होते. तिनं सांगितलं फक्त त्याला, तेही एप्रिल उजाडल्यावर, कपाटाचा तळ कुजून भिंत ओली व्हायला लागल्यावर. ओल शेजारच्या तस्नीमच्या भिंतीवर उमटली होती. तस्नीमने ती गोष्ट इतक्या संकोचाने सांगितली, की लॉर्नाला नळाचं काम आणखी लांबवता येईना.

नेव्हिल कोपरांवर सरकत बाहेर आला. गुडघ्यावर हात देऊन उठताना त्याच्या तोंडून 'हं' असा एक छोटा हुंकार निघाला. लॉर्नाने तोंड खिडकीकडे फिरवलं.

"आधी बॉयलर," तो म्हणाला. "त्याचं बटण कुठंय?"

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. खिडकीशेजारी, वरच्या कपाटाला लागून, पांढरा चौकोनी बॉयलर टांगलेला होता. त्याच्या बाजूच्या बटणात लाल दिवा जळत होता.

"तो बंद करायलाच हवा का?"

"हवा. तुमच्याकडे वर टाकी नाही. पाणी याच्यातून जाता जाता तापतं. नळ उघडला की त्याला कळतं आणि तो पेटतो. मी खाली पाइप सोडणार, पाणी अर्धंमुर्धं वाहणार, तो मध्येच पेटायला नको."

"आणि मग परत सुरू होईल ना?"

"होईल की. त्याच्या झाकणाला मी हातसुद्धा लावणार नाही. ते गॅसवाल्याचं काम. मी फक्त नळापुरता."

त्यानं बटण दाबलं. लाल दिवा विझला. लॉर्नाने टेबलाच्या कडेला हात टेकला.

मेन कॉक फिरत नव्हता, म्हणून पाणी रस्त्यावरून बंद करावं लागणार होतं. फूटपाथवर, दारासमोर, हातभराचं लोखंडी झाकण होतं. नेव्हिलने गाडीतून लांब दांड्याची चावी आणली आणि झाकण उचकटलं. आत चिखल, एक गोगलगाय आणि खोलवर पितळेचं चाक होतं.

"ही लाइन दोन घरांची असणार," तो म्हणाला. "जुन्या रांगांमध्ये असंच असतं. शेजारी सांगून ये."

लॉर्नाने तस्नीमचं दार ठोठावलं. आत रेडिओ मोठ्यानं चालू होता. दुसऱ्यांदा ठोठावलं, तरी कुणी आलं नाही.

"घरात नसेल बहुतेक," ती परत येऊन म्हणाली.

"रेडिओ ऐकतंय कोण मग? उंदीर?"

पण त्यानं चावी फिरवली. खाली काहीतरी करकरलं. आत येऊन त्यानं सिंकचा नळ दोन्ही बाजूंनी उघडला. पाणी जोरात आलं, बारीक झालं, मग नळाने एक लांब श्वास ओढल्यासारखा आवाज केला आणि ते थांबलं.

"आता हा आपला," नेव्हिल म्हणाला आणि पान्हा घेऊन पुन्हा कपाटात शिरला.

लॉर्नाने सकाळीच दोन पातेली भरून ठेवली होती. नेव्हिलने फोनवर तसं बजावलं होतं, म्हणजे चहा तरी चुकणार नाही. तिनं किटलीखाली जाळ लावला. तिच्या पाठीमागे कपाटात धातूवर धातू घासत होता. मध्येच नट सुटल्याचा आवाज, टॉवेलवर सांडणारं उरलंसुरलं पाणी, मग पुन्हा तो 'हं'. वळून बघितलं तर फक्त पाय दिसणार, हे तिला माहीत होतं. ती वळली नाही. कपात साखर घातल्यावर तिच्या लक्षात आलं की दोन चमचे घातलीत. नेव्हिल साखर घेत नाही. तिनं तो कप स्वतःपुढे ओढला.

तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं. तस्नीम आत आली. अंगावर जुना टॉवेल, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, आणि कानामागून हिरवट मेंदीचा ओघळ मानेवर उतरत होता.

"लॉर्ना आंटी, तुमच्याकडे पाणी येतंय का? माझं बघा काय झालंय! अर्धं डोकं धुतलं, अर्धं तसंच!"

"अगं, मी दार ठोठावलं दोनदा."

"रेडिओ लावला होता हो." मग तिला कपाटाबाहेरचे पाय दिसले. "अय्या. नळाचं काम का? सॉरी, मला माहीत नव्हतं."

"सॉरी तू कशाला म्हणतेस? हे घे." लॉर्नाने एक भरलेलं पातेलं तिच्यापुढे सरकवलं. "कोमट करून देते. इथंच धू बाथटबमध्ये, नाहीतर चहा घे आधी."

"चहाच देऊन टाका. मेंदी काय, जितकी राहील तितकी लाल. सोमवारी शाळेत मुलं हसतील, हसू देत. एरवीही ती माझ्या वरणाला हसतातच." तस्नीम शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती खुर्चीवर टेकली आणि पायांकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "भाऊ, नमस्कार हं! तुम्हीच राहायला आलाय ना आंटींकडे? बरं केलंत."

पान्ह्याचा आवाज थांबला.

"मी? नाही," कपाटातून उत्तर आलं. "मी आजच आलोय."

"आज?" तस्नीमने लॉर्नाकडे बघितलं. "मला वाटलं... अहो, ही भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. मी पहाटे नमाजाला उठते, तेव्हा तुमचा बॉयलर पेटतो. मग तुम्ही बोलता, आंटी. शब्द नाही कळत, शपथ. नुसता आवाज येतो. मी म्हटलं, कुणीतरी आलंय सोबतीला. मला आपलं बरं वाटायचं, की रांगेत आणखी कुणीतरी जागं आहे..."

बोलता बोलता तिचं तिलाच कळलं. तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि त्यात बघत राहिली. लॉर्नाने पातेलं शेगडीवर ठेवलं. पाणी कोमट झालं. मग तस्नीम उठली, तिनं लॉर्नाच्या खांद्याला मेंदी लागणार नाही अशा बेताने एका हाताने मिठी मारली आणि पातेलं घेऊन गेली. मागचं दार तिनं या वेळी हळूच लावलं.

नेव्हिल बाहेर आला. त्याच्या हातात जुना नळ होता. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यानं तो ठेवला आणि खुर्ची ओढून बसला. फडक्यानं बोटं पुसली.

"हे बघ," तो म्हणाला. नळाच्या पोटातला भाग काढून त्यानं उजेडात धरला. एका बाजूची कड झिजून वाटीसारखी झाली होती. "ही गरम बाजू. इथून थेंब थेंब सुटायचं, खाली कपाटात झिरपायचं. बॉयलरला वाटायचं, कुणीतरी नळ उघडलाय."

"पहाटेच का?"

"पहाटे सगळी गल्ली झोपलेली असते. कुणी पाणी वापरत नाही, दाब वाढतो. मग थेंबाची धार होते, आणि तो पेटतो."

लॉर्नाने मान हलवली. गॉर्डन बस चालवायचा, पहिल्या फेरीची. उभं आयुष्य तो पहाटे उठून इथं, या सिंकपाशी दाढी करायचा, कारण वरचं न्हाणीघर गार असायचं. ती पलंगावर पडल्या पडल्या ऐकायची. आधी एक 'टक्', मग ज्योत धरल्याचा 'भप्प', मग भिंतीतून वर येणारी गुणगुण. गॉर्डन निवृत्त झाल्यावरही ते बदललं नाही. त्याला पुरलं त्यानंतर काही दिवस घर गप्प होतं. आणि मग एका पहाटे खाली 'टक्' झालं.

"मला माहीत होतं तसंच काहीतरी असणार," ती म्हणाली. "मी वेडी नाहीये, नेव्हिल."

"मी कुठं म्हटलं?"

"मी खाली यायची. तो पेटलेला असायचा. मग आलेच आहे तर बोलायची."

"काय बोलायचीस?"

"रोजचंच. कचऱ्याचा डबा कुठल्या दिवशी बाहेर काढायचा. माझा गुडघा. समोरच्यांनी दाराला कसला भयाण रंग दिलाय." ती हसली. "जिवंतपणी तरी कुठं वेगळं बोलत होतो आम्ही?"

नेव्हिल हसला नाही. झिजलेला तुकडा तो बोटांमध्ये फिरवत होता.

"तो माझं नाव काढायचा?" त्यानं विचारलं. "जिवंत असताना म्हणतोय."

खोटं बोलणं सोपं होतं. लॉर्नाच्या तोंडाशी एक वाक्य आलंही होतं. पण समोर बसलेल्या माणसाची भुवई नेमकी तिच्या ओळखीच्या जागी चढली होती, आणि त्या चेहऱ्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली.

"कधीच नाही?"

"कधीच नाही. पण परसातल्या भिंतीवर कबुतर येऊन बसलं की हाकलायचा नाही. कडेकडेचा पाव ठेवायचा त्याच्यासाठी. मी ओरडायची, सगळी भिंत घाण करतात म्हणून. तरी ठेवायचा."

नेव्हिलने तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला.

त्यांच्या वडिलांची शर्यतीची कबुतरं होती. टेकडीवरच्या वाडीत हिरव्या लाकडी खुराड्यात त्यांनी ती जन्मभर सांभाळली. वडील गेले त्या आठवड्यात गॉर्डन दोन वेताच्या टोपल्या घेऊन ती न्यायला गेला, तेव्हा खुराडं रिकामं होतं आणि शेजारच्या जमिनीत ताजी माती होती. नेव्हिलने माणूस बोलावून सगळ्यांच्या माना मुरगळल्या होत्या. गॉर्डन टोपल्या तिथंच टाकून आला. पुढे दोघं भाऊ एका गावाच्या दोन टोकांना म्हातारे झाले.

"ती परत आली असती, लॉर्ना," नेव्हिल म्हणाला. "गॉर्डनने इथं आणली असती, कुणाला दिली असती, तरी दार उघडं सापडलं की परत तिथंच गेली असती. कबुतरांना दुसरं काही कळत नाही. रोज संध्याकाळी त्या बंद खुराड्यावर येऊन बसली असती, बाबा दाणे घेऊन येतील म्हणून. मी समोरच राहायचो तेव्हा. मला नसतं बघवलं ते."

"हे त्याला सांगितलंस कधी?"

"त्यानं विचारलंच नाही."

"आणि तू?"

नेव्हिलने फडकं घडी करून खिशात ठेवलं आणि उठला. "नवा नळ दे तो," तो म्हणाला.

पुढचं काम फारसं न बोलता झालं. त्यानं सिंकच्या भोकाभोवतीची जुनी घाण खरवडली, वायसर बसवला, नवा नळ वरून धरायला लॉर्नाला सांगितलं आणि खालून नट आवळला. नवे कनेक्शन पाइप त्यानं आधी नुसत्या बोटांनी फिरवले, आटे चुकत नाहीत ना ते बघितलं, मग पान्ह्यानं बेताबेताने कसले. लॉर्ना नळ दोन्ही हातांनी धरून उभी होती. खालचा प्रत्येक झटका तिच्या तळव्यांना लागत होता.

"हलतोय का वर?"

"नाही."

"सोड मग."

तो बाहेर जाऊन रस्त्यावरचं चाक हळूहळू उघडून आला. पाइपांच्या जोडांखाली त्यानं टिश्यू पसरले, टॉर्च मारून बघितलं, बोट फिरवून बघितलं. सगळं कोरडं होतं. मग त्यानं थंड बाजू उघडली. नळ खोकला, हवेचे दोनचार बुडबुडे फुटले, आणि स्वच्छ धार लागली. मग गरम बाजू, ती अजून गारच, पण तिच्यातलीही हवा निघून गेली. नळ बंद करून त्यानं बॉयलरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला.

"आता तू उघड गरम," तो बाजूला सरकत म्हणाला.

लॉर्नाचा हात नळापर्यंत गेला आणि थांबला.

"तूच उघड."

नेव्हिलने उघडला. टक्. भप्प. भिंतीतून गुणगुण सुरू झाली. धारेतून वाफ यायला लागली तशी त्यानं थंड थोडं मिसळलं, काळे झालेले हात धुतले, आणि मग काही विचार न करता वाकून ओंजळीने तोंडावर पाणी मारलं. एकदा, पुन्हा एकदा, मानेच्या मागे. वडिलांनी दोघांनाही असंच शिकवलं असणार. डोळे मिटलेले असतानाच त्यानं डावा हात मागे केला.

लॉर्नाने खुंटीवरचा टॉवेल त्या हातात दिला.

तोंड पुसून तो वळला, तेव्हा दोघंही एकमेकांकडे न बघता टेबलावरची हत्यारं गोळा करायला लागले. जुना नळ वर्तमानपत्रात गुंडाळताना लॉर्ना म्हणाली, "डब्यात टाकते मी." तो म्हणाला, "राहू दे, मी नेतो. पितळ आहे." त्यानं ते पुडकं कोटाच्या खिशात कोंबलं. दारात तो क्षणभर घुटमळला, मिठी मारावी की हात मिळवावा हे ठरेना तसा, आणि शेवटी दाराची चौकटच दोनदा थोपटून गेला.

दुसऱ्या दिवशी लॉर्नाला नेहमीच्या वेळी जाग आली. खिडकीवरचा पडदा राखाडी झाला होता. ती पाठीवर पडून वाट बघत राहिली. भिंतीपलीकडे तस्नीमच्या जिन्यावर पावलं वाजली, तिच्या नळाचं पाणी वाहून थांबलं. मग तिकडेही सगळं शांत झालं. इकडे काहीच झालं नाही. घर इतकं गप्प होतं की लॉर्नाला स्वतःचा श्वास दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा ऐकू येत होता.

शेवटी ती गाऊन चढवून खाली आली. सिंक कोरडं होतं, नळ चकचकीत आणि परका. बॉयलर भिंतीवर नुसता टांगलेला होता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. तोंड उघडलं, पण गुडघ्याबद्दल त्या पत्र्याच्या पेटीला काय सांगायचं हे तिला सुचेना. तिनं तोंड मिटलं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीतला फोन वाजला. या वेळी फोन वाजला म्हणजे कुणीतरी गेलेलं असतं. पण आता जायला तिचं उरलं होतं कोण? तिनं रिसीव्हर उचलला.

"झोपमोड केली का?" नेव्हिल होता.

"नाही. उठलेच होते."

"नळ कसाय?"

"कोरडा आहे. कपाटातले टिश्यूही कोरडे."

"छान. छान झालं." लॉर्ना ऐकत राहिली. त्याचा श्वास जरा वर लागला होता, जिना उतरून आल्यासारखा. पण नेव्हिलच्या घराला जिना नव्हता.

"लॉर्ना, आमचा पेटला."

"काय पेटला?"

"बॉयलर. आत्ता. मी पलंगावर होतो. घरात मी एकटाच आहे."

ती हळूच खुर्चीवर बसली. "नळ बघितलेस?"

"सगळे बघितले. स्वयंपाकघर, न्हाणीघर, बाहेरचा बागेतलासुद्धा. सगळे घट्ट बंद. एक थेंब नाही कुठं."

"अजून चालू आहे?"

"चालू आहे. मी त्याच्यासमोरच उभा आहे."

लॉर्नाने रिसीव्हर कानाशी दाबला. पलीकडे खरोखरच काहीतरी घुमत होतं. कदाचित ती नुसती फोनची घरघर असेल. तिला दिसत होता तो, पायजम्यात, पायात काही नाही, हात कुठं ठेवावेत हे न कळणारा.

"मी काय करू?" नेव्हिलने विचारलं. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मग माझ्याशी काय बोलत बसलायस?" लॉर्ना म्हणाली. "फोन ठेव."